बरगडीआडची वाट

‘‘चालताना चप्पल पायातून निसटते का, काका?’’

‘‘निसटती की.’’

‘‘निसटली की कळतं?’’

काका मुलीकडं बघतात. उत्तर तीच देते. ‘‘कळत न्हाई, साहेब. मागून मीच उचलून आणायलेय.’’

डॉक्टर केसपेपरवर दोन शब्द लिहितात. चप्पल निसटली आणि कळलं, तर पंजाची ताकद गेली असं धरायचं. निसटली आणि कळलंच नाही, तर पाय कुठं पडतोय याची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठं तरी मज्जारज्जू दबला असू शकतो. बूट-मोज्यांच्या देशात हा प्रश्न फारसा कामाचा नाही. आपल्याकडं पायाच्या संवेदनेची याहून स्वस्त तपासणी नाही.

मग काकांना टेबलावर झोपवून डॉक्टर गाडीच्या किल्लीनं तळपायाची कड टाचेपासून बोटांकडं ओरखडतात. तुमच्या-माझ्या पायाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. काकांचा अंगठा सावकाश वर उठतो. त्यानंतर टाचणी. मांडीपासून वर वर टोचत जायचं आणि विचारत राहायचं. बेंबीच्या बोटभर वर आल्यावर काका ‘‘आता टोचलं’’ म्हणतात. बेंबीच्या रेषेतल्या कातडीची खबर छातीच्या दहाव्या नसेतून जाते. म्हणजे दुखणं कमरेत नाही. काकांच्या पिशवीतली एमआरआयची फिल्म मात्र कमरेची आहे. कमरेचा पट्टा, वजनं लावून ट्रॅक्शन, इंजेक्शनं, सगळं कमरेचंच होऊन गेलं आहे. पाय धरले म्हणजे मणक्यात गॅप आणि गॅप म्हणजे कमरेत, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक असतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘कणा’ असा कळवला, तेव्हा लोकशाहीच्या, समाजाच्या आणि शेतीच्या कण्यावर लिहिणारे पुष्कळ निघतील याची खात्री होती. हाडामांसाचा कणा कुणी घेणार नाही असं वाटलं. त्यातही मान आणि कंबर यांचे लाड सगळेच करतात. मधल्या बारा मणक्यांची विचारपूस कुणी करत नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरातल्या ओपीडींत, एमआरआय सेंटरांत आणि शेवटी एका ऑपरेशन थिएटरात जाऊन बसलो. माणसांची आणि जिथं हे पाहिलं त्या ठिकाणांची नावं देत नाही.

गाड्यांच्या पाट्या

मराठवाड्याचं दुखणं शेवटी या शहरात येऊन टेकतं. घाटीच्या आवारात किंवा जालना रोडवरच्या दवाखान्यांबाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या तरी नकाशा तयार होतो. एमएच २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, ३८ हिंगोली. शिवाय बुलढाण्याची २८ आणि जळगावची १९. १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘घाटी’ या नावानंच ओळखलं जाणारं त्याचं ११७७ खाटांचं रुग्णालय, सिडकोतलं एमजीएम, गारखेड्यातलं हेडगेवार, बीड बायपासवरचं कमलनयन बजाज, आणि त्यांच्या अधेमधे गल्लोगल्ली उगवलेली हाडांची नि मेंदूची छोटी रुग्णालयं. एके काळी कण्याचं अवघड ऑपरेशन म्हटलं की रात्रीची गाडी धरून पुणे नाही तर मुंबई गाठावी लागे. आता निम्मा-अर्धा तरी भार इथंच पेलला जातो.

मुंबईत या विषयाला वळण लावणाऱ्यांत गोव्यातून आलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव मराठी वाचकाला परिचयाचं आहे. इंग्लंडात न्यूकॅसलला शिकून ते परतले आणि शीवच्या महापालिका रुग्णालयात न्यूरोसर्जरीत रमले. पण त्यांचंही नाव लोकांच्या तोंडी आहे ते मुख्यतः कमरेच्या मणक्यांमुळं. साहजिक आहे. सरकलेल्या डिस्कची, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची, शंभर ऑपरेशनं झाली तर त्यांत पाठीच्या मधल्या भागातली चारही नसतात. दर दहा लाखांत वर्षाला एखाद्यालाच या जागच्या डिस्कमुळं त्रास होतो, असा ढोबळ अंदाज पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. जिल्ह्याच्या गावी बसणारा डॉक्टर उभ्या आयुष्यात असे मोजके पेशंट बघतो. त्याला ओळखू आलं नाही, तर दोष कसा द्यायचा?

जागा अरुंद, रक्त बेताचं

मानेचे सात आणि कमरेचे पाच मणके वळतात, वाकतात, झिजतात. मधल्या बारांना मात्र दोन्ही बाजूंनी बरगड्यांनी जखडलेलं असतं. त्यामुळं इथली डिस्क सहसा सरकत नाही. सरकलीच तर बहुतेक वेळा आठव्या मणक्याच्या खाली, जिथं बरगड्यांची पकड सैल होत जाते. आपल्याकडचे डॉक्टर या मणक्यांना ‘डी’ म्हणतात; डी-१ ते डी-१२.

सरकण्याचं प्रमाण कमी, पण सरकली की गय नाही. कमरेत, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी मज्जारज्जू संपतो. त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुबका असतो. सर्जन त्या नसा हलक्या हातानं बाजूला सारून डिस्क काढतो, आणि नसा ते सोसतात. छातीच्या भागात मात्र अख्खा मज्जारज्जू आहे. त्याच्याभोवतीचा हाडाचा बोगदा जेमतेम पंधरा-सोळा मिलिमीटरांचा. शिवाय इथं कण्याला मागच्या बाजूला बाक असल्यामुळं मज्जारज्जू बोगद्याच्या पुढच्या भिंतीला टेकून चालतो, आणि डिस्क त्याच भिंतीतून येते. रक्तपुरवठाही बेताचाच. खालच्या भागाला रक्त देणारी एक मुख्य रोहिणी असते, बहुधा डाव्या बाजूनं, नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान शिरणारी. आदामकिएविच नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १८८२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. ती तुटली किंवा आकसली तर दोन्ही पाय जाऊ शकतात.

आजार सुरू होतो तो भलत्याच सोंगात. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यागत कळ येते. माणूस आधी ईसीजी काढतो, मग सोनोग्राफी. पित्ताच्या गोळ्या होतात, मुतखड्याची शंका येते, नागीण उठणार आहे का म्हणून आजी कातडी तपासते. पाय जड पडायला लागले की गाडी कमरेकडं वळते. इथं एक खूण हाताशी असते, पण ती बघायला पेशंटला खाटेवर झोपवून दोन मिनिटं द्यावी लागतात. कमरेतली नस दबली तर पाय लुळा पडतो. मज्जारज्जू दबला तर पाय ताठरतो, गुडघ्यावर हातोडी मारली की उसळतो, घोटा वर दाबला की थडथड उडत राहतो. ताठर पायाच्या माणसाचा कमरेचा एमआरआय काढणं म्हणजे वीज गेली ती खांबावर आणि आपण घरातले दिवे बदलतोय.

एमआरआय सेंटरांत यावर एक साधा उपाय वापरतात. कमरेचा एमआरआय सांगितला असला तरी शेवटी काही मिनिटं जास्त देऊन मानेपासून माकडहाडापर्यंतच्या सगळ्या कण्याची एक उभी झलक घ्यायची. फॉर्मवर त्याला ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ म्हणतात. थोडे पैसे जास्त पडतात, म्हणून काही नातेवाईक तेवढंच नको म्हणतात. एका पेशंटच्या अशा उभ्या झलकेत डी-९ आणि डी-१० च्या मधून पांढऱ्या पट्ट्यात घुसलेलं काळं टोक मी पाहिलं. करंगळीच्या नखाएवढंही नव्हतं.

पण फिल्मवर दिसलं म्हणून कापायचं, असंही नाही. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मधल्या पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या ९० जणांचे एमआरआय तपासले होते. त्यातल्या ३३ जणांची तिथली डिस्क सरकलेली निघाली. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. नुसतं दुखत असेल तर गोळ्या, व्यायाम आणि धीर यांवर बहुतेकांचं भागतं. ऑपरेशन लागतं ते पाय ताठरायला लागले, तोल जाऊ लागला, लघवी अडखळू लागली तर. या तिन्हींची चौकशी न करता केवळ रिपोर्टवरचं वाक्य वाचून पेशंटला घाबरवणारेही असतात. त्यांना सरळ दुसऱ्या डॉक्टरचं मत विचारतो म्हणून सांगावं.

टीबी, पाणी आणि मग डिस्क

मराठवाड्यात मधली पाठ धरली की डॉक्टरांच्या मनात पहिली डिस्क येत नाही, टीबी येतो. जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हाडांत शिरलेला टीबी निम्म्या वेळा कणाच गाठतो, आणि कण्यात त्याची आवडती जागा मधली आणि मधल्या-कमरेच्या सांध्याची. फिल्मवर फरक दिसतो. टीबी मणक्याचं हाडच खातो, दोन मणक्यांमधली फट मिटवतो, बाजूला पू साठवतो. सरकलेल्या डिस्कमध्ये शेजारचे मणके सहसा शाबूत असतात.

दुसरा संशय पाण्याचा. नांदेड जिल्ह्यातला किनवटचा भाग, बीडचे काही पट्टे, पलीकडं यवतमाळ आणि चंद्रपूर इथं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात पिवळे-तपकिरी पडतातच, शिवाय कण्याला आतून बांधणारे पट्टे हाडासारखे कडक होतात आणि बोगदा मागून चेपत जातो. भारतात हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला गेला तो १९३७ साली, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरला. पाण्याशिवायही, वयापरत्वे, काही जणांचे हे पट्टे कडक होतात.

सुरुवातीच्या काकांचं नेमकं तेच निघालं. त्यांच्या मज्जारज्जूवरचा दाब मागून होता. अशा वेळी मणक्याची मागची कमान काढून टाकली की काम होतं. या ऑपरेशनला लॅमिनेक्टमी म्हणतात, आणि कण्याचं काम करणाऱ्या प्रत्येक सर्जनला ते येतं. मात्र तेच ऑपरेशन सरकलेल्या डिस्कसाठी केलं तर पेशंटचे पाय जाऊ शकतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे.

मागून दार नाही

मधल्या डिस्कनं मज्जारज्जू दाबल्याची नोंद लंडनच्या गाइज हॉस्पिटलातल्या की नावाच्या सर्जननं १८३८ सालीच करून ठेवली होती. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या डिस्कवरचा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातल्या १९ पेशंटांपैकी चौघांची डिस्क छातीच्या भागातली होती. त्या काळी सगळ्यांना येणारी वाट एकच, मागून कमान काढायची. कमान निघाली तरी डिस्क मज्जारज्जूच्या पुढं बसलेली. तिथं पोचायचं तर मज्जारज्जू ओढून बाजूला करायचा. आधीच चेपलेला, रक्ताला महाग झालेला मज्जारज्जू तो हात सोसत नाही.

१९६९ साली पेरो आणि मन्रो यांनी तोवर छापून आलेल्या केसेस एकत्र मांडल्या. लॅमिनेक्टमी झालेले ९१ पेशंट. त्यांतल्या ४० जणांना काहीही फायदा झाला नव्हता, आणि त्या ४० पैकी १६ जणांचे दोन्ही पाय गेले होते. चालत आलेली माणसं चाकाच्या खुर्चीतून घरी गेली. त्यानंतर डिस्कसाठी मागचं दार बंद झालं ते कायमचं.

कोंडी कशी आहे ते असं बघा. पाळण्यात बाळ गाढ झोपलंय, त्याच्या पाठीखाली खडा आहे. बाळाला धक्का न लावता खडा काढायचा, तर हात पाळण्याच्या वरून घालून चालणार नाही. बाजूची दोरी सैल करून खालून घालावा लागेल.

बाजूची वाट शोधली गेली ती डिस्कसाठी नव्हेच. फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या बर्क गावी टीबीचे पेशंट हवापालटासाठी ठेवत. तिथं मेनार नावाच्या सर्जननं १८९४ साली बरगडीचं टोक आणि मणक्याचा आडवा काटा काढून, बाजूनं शिरून पू बाहेर काढला. कुणाचे गेलेले पाय परत आले. पुढं इंग्लंडात केपनर यांनी ती वाट आणखी रुंद केली; त्यांचा निबंध १९५४ सालचा. हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक १९५६ साली थेट छाती उघडून पुढून गेले. या सगळ्यांच्या समोर टीबीच होता. १९६० साली ह्यूम यांनी बाजूची वाट डिस्कसाठी वापरली, आणि १९६९ मध्ये छातीतून जाणारी वाटही डिस्ककडं वळवण्यात आली. मधल्या काळात टीबीवर गुणकारी औषधं आली. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली मांडलेल्या ‘मध्यममार्गा’नं आपल्याकडं टीबीची ऑपरेशनं कमी केली: आधी औषध, नाहीच भागलं तर चाकू.

यात आपल्या भागातल्या सर्जनांची एक जमेची बाजू आहे, आणि तिचा उल्लेख फार होत नाही. ज्या देशांत टीबी फारसा उरला नाही, तिथल्या तरुण सर्जनला बरगडीआडच्या वाटेनं जाण्याचा सराव मिळणं कठीण. इथल्या सर्जनचा हात पुवानं भरलेल्या मणक्यांवर त्याच वाटेनं फिरलेला असतो. आपलं दुर्दैव त्याच्या हाताला शिकवून जातं.

मणके मोजायचे कसे

ऑपरेशन थिएटरात मी पाहिलेला पेशंट बेचाळिशीचा शेतकरी, जालना जिल्ह्यातला. डिस्क डी-९ आणि डी-१० च्या मधली, उजवीकडं झुकलेली, आणि सीटी स्कॅनवर चुन्यासारखी पांढरी. म्हणजे आत कॅल्शियम साठून ती दगड झालेली. या भागातल्या डिस्क अशा कडक होण्याचं प्रमाण बरंच मोठं आहे. म्हणून एमआरआय झाला तरी सीटी हवाच. एमआरआय मऊ-कडक नीट सांगत नाही.

भूल चढली, पेशंटला पालथं केलं, छातीखाली आणि कमरेखाली उशा सरकवल्या, पोट मोकळं ठेवलं. पोट दाबलं गेलं की शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. आता चाकू लागणार असं वाटत असताना सगळे मोजायला बसले.

कमरेचा मणका शोधणं सोपं, कण्याच्या बुडाच्या त्रिकोणी हाडापासून वर चार-पाच. मधल्या पाठीत सगळे मणके एकसारखे. सी-आर्म या थिएटरातल्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर एका वेळी चार-पाचच दिसतात. खालून मोजत यावं तर एखाद्याला कमरेचे सहा मणके असतात. वरून मोजावं तर खांदे आड येतात. एखाद्याची बारावी बरगडी इतकी आखूड असते की ती नाहीच असं वाटतं. चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होण्याची भीती कण्याच्या या भागात सगळ्यांत जास्त. या टीमनं आदल्या दिवशी सीटीखाली नेमक्या बरगडीच्या मुळाशी एक बारीक धातूची खूण बसवून घेतली होती. तरीही सर्जननं खालून मोजलं, रेसिडेंटनं वरून मोजलं, आणि दोघांचं उत्तर खुणेशी जुळल्यावरच स्किन मार्करनं रेघ ओढली गेली. यात चांगली पंचवीस मिनिटं गेली आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

दहावी बरगडी

शरीराची एक सोय इथं कामी येते. या भागात बरगडीचं डोकं बरोबर डिस्कच्या बाजूला टेकलेलं असतं, आणि नंबर खालच्या मणक्याचा. नवव्या-दहाव्याच्या मधल्या डिस्कवर दहाव्या बरगडीचं झाकण. अकराव्या-बाराव्या बरगड्या मात्र हा नियम पाळत नाहीत.

स्नायू बाजूला झाले, बरगडीचा चार-एक सेंटिमीटरांचा तुकडा मोकळा झाला. त्याच्याखालीच फुप्फुसावरचं पातळ आवरण, प्लुरा. ते कापसाच्या लहानशा बोळ्यानं सोडवत न्यायचं, हातमोज्यातलं बोट घालून हलकेच पुढं ढकलायचं. बरगडीचं टोक निघालं, आडवा काटा निघाला, खालच्या मणक्याच्या खांबाचा वरचा भाग ड्रिलनं उतरवला. बरगडीखालून जाणारी नस धरून मागं मागं गेलं की ती थेट मज्जारज्जूपाशी नेऊन सोडते. तिथून पुढं मायक्रोस्कोप.

या काळात भूलतज्ज्ञांचं काम सर्जनइतकंच नाजूक होतं. पेशंटच्या डोक्याला आणि पायांना बारीक सुया लावलेल्या. डोक्याशी विजेचा हलका झटका दिला की पायाचा स्नायू हलतो का, हे शेजारच्या लॅपटॉपवर उमटत होतं. त्यासाठी स्नायू सैल करणारं औषध बंद, भूल शिरेतून प्रोपोफॉलची. रक्तदाबाची सरासरी ८५ च्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण दबलेल्या मज्जारज्जूला तेवढं रक्त मिळालंच पाहिजे. लॅपटॉपवरची रेघ बसली तर सर्जन हात काढतो, दाब वाढवला जातो, कोमट सलाइन सोडतात, थांबतात. जिथं ही यंत्रणा नाही, तिथं १९७३ सालची स्टॅग्नारा यांची युक्ती अजून चालते: ऑपरेशनच्या मधेच भूल उतरवायची, पेशंटला हाक मारून पाय हलवायला सांगायचं, आणि परत झोपवायचं.

आता डिस्क. पण तिला कुणी हात लावला नाही. सर्जननं हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलनं तिच्या पुढचं हाड पोखरायला सुरुवात केली. वरच्या आणि खालच्या मणक्यांच्या मागच्या भागात दीड-एक सेंटिमीटरांचा खड्डा केला. रेसिडेंट सतत पाणी सोडत होता. ड्रिलची उष्णता मज्जारज्जूला चालत नाही. खड्डा झाल्यावर दगड झालेली डिस्क आतून कोरून पातळ केली. शेवटी मज्जारज्जूला चिकटलेलं नुसतं कवच उरलं. ते उलट्या टोकाच्या क्युरेटनं, म्हणजे बारीक खरवडणीनं, एकेक कपची करून खाली, खड्ड्यात पाडायचं. ताकद नेहमी मज्जारज्जूपासून दूर. या वेळी थिएटरात कुणी बोलत नव्हतं, फोन वाजला तो सिस्टरनं न बघताच बंद केला.

काही जणांत हे कवच मज्जारज्जूच्या आवरणातही घुसलेलं असतं. मग मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपतं, आणि छातीतला दाब उणा असल्यामुळं ते फुप्फुसाच्या पोकळीत ओढलं जातं. मोठी डोकेदुखी असते ती. इथं तसं झालं नाही. काम झाल्यावर जखम सलाइननं भरली आणि भूलतज्ज्ञांनी फुप्फुसं फुगवून धरली. बुडबुडे आले असते तर प्लुरा फाटला असा अर्थ, मग छातीत नळी. पाणी स्थिर राहिलं. हाड बरंच कोरलं होतं म्हणून वरखाली टायटॅनियमचे स्क्रू आणि दोन सळया बसवल्या.

डिस्क बरोबर मधोमध असेल, फार मोठी असेल, तर हा रस्ता पुरत नाही. छाती उघडून किंवा बरगड्यांमधून दुर्बीण घालून पुढून जावं लागतं. त्याला एक फुप्फुस मिटवून ठेवणारी भूल लागते, छातीचा सर्जन सोबत लागतो. अशा काही केसेस अजूनही इथून पुण्या-मुंबईला जातात, आणि जाव्यात. आपल्याला न येणारी वाट धरण्यापेक्षा चिठ्ठी लिहून देणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

पेशंटच्या घशातली नळी निघाली तसा सर्जन त्याच्या कानाशी गेला. ‘‘भाऊ, पाय हलवा. उजवा. आता डावा.’’ दोन्ही हलले. वॉर्डातल्या मामांनी ट्रॉली पुढं घेतली.

खिडकी क्रमांक

एवढ्या सगळ्याचे पैसे? २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य या नावानं चालणारी योजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच देते, आणि आधी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डासाठी होती ती आता पांढऱ्यालाही लागू आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राची एक खिडकी असते. तिथं रेशनकार्ड, आधार, फिल्म आणि पेशंटचा फोटो देऊन मंजुरीची वाट बघायची. रेशनकार्डावर ‘पांडुरंग’ आणि आधारवर ‘पांडूरंग’ असलं की भाऊ तहसीलला पळतो. पॅकेजचा दर ठरलेला. ड्रिलची टोकं, सुया, स्क्रू सगळं त्यातच बसवायचं. म्हणून काही रुग्णालयं अशी केस घ्यायला काचकूच करतात.

नंतरचे महिने

पहिले काही दिवस पाय उलट जास्त जड वाटू शकतात. सांगून ठेवलं नाही तर घरचे हादरतात. बरगडीच्या रेषेत जळजळ होते, ती काहींना महिनोन्‌महिने पुरते. पहिल्याच दिवसापासून तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढायचा, नाहीतर फुप्फुसात कफ साचतो. मग फिजिओथेरपिस्ट काठावर बसवतात, वॉकर देतात. आधी पायांचा ताठरपणा उतरू लागतो, ताकद हळूहळू येते, तोल आणि लघवीवरचा ताबा बहुधा सगळ्यांत शेवटी. किती सुधारेल हे बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं: किती दिवस दाब होता, आणि पेशंट चालत आला होता की उचलून आणला होता.

जालन्याचा शेतकरी फेरतपासणीला आला तेव्हा काठी हातात होती, पण टेकत नव्हता. डॉक्टरांनी टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला लावलं. चार पावलं नीट पडली, पाचव्याला तो भिंतीकडं झुकला. मोटारसायकल कधी चालवू, हा त्याचा पहिला प्रश्न. इतक्यात नाही, मागं बसा. दुसरा प्रश्न धाकट्या भावाचा होता. ‘‘साहेब, फवारणीचा पंप चालंल का?’’ डॉक्टरांनी पंप कसा असतो, कुठं टेकतो ते विचारलं. भावानं स्वतःच्या पाठीवर हात नेऊन दाखवलं. पट्टे खांद्यावर, टाकी दोन्ही खवाट्यांच्या मधून खाली, बरोबर टाके पडले होते तिथं. भरला की वीस किलो. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, वजन उचलणं बंद, आणि पंप हा शब्द वेगळा लिहून खाली रेघ मारली. यंदा कपाशीची फवारणी भावानं करायची, असं तिथंच ठरलं.